ओएमडीचं काय टिकलं? सुरावट, टेप आणि ‘डॅझल शिप्स’चा वाद

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमच्या मित्रांत ‘ऑर्केस्ट्रल मॅनूव्हर्स इन द डार्क’, म्हणजे ओएमडी या ब्रिटिश सिंथ-पॉप (सिंथेसायझरवर बेतलेलं पॉप) बँडवरून जुंपली आहे. एकाच्या मते खेळण्यातल्या कीबोर्डचे आवाज आणि ऐंशीच्या दशकाची हौस, यापलीकडे त्यांत काही नाही. दुसऱ्याला ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’पुढे काहीच दिसत नाही. तिसरा म्हणतो, खरी थोर रेकॉर्ड ‘डॅझल शिप्स’, लोकांना ती तेव्हा कळली नाही एवढंच. तुम्ही स्वतः ‘इफ यू लीव्ह’ या सिनेमातल्या गाण्यावरून या बँडकडे आलात आणि मित्रांसमोर ते कबूल करायला लाजता. सिंथ प्रोग्रॅमिंग आणि अरेंजिंग हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, म्हणून तुम्ही मला निवाडा मागितलात.

निवाडा आधी, कारणं मागून. ओएमडी टिकली ती सुरावटीमुळे. काही गाणी आवाजाच्या पोतामुळेही टिकली, पण गंमत अशी की तो पोत बहुतेक वेळा सिंथचा नाहीच. तो टेपवरच्या माणसांच्या गळ्याचा आहे, बेस गिटारचा आहे, खऱ्या ड्रमचा आहे. तुमच्या पहिल्या मित्राचा सगळा राग ज्या ‘खेळण्यातल्या आवाजां’वर आहे, त्यांच्यावर या बँडची इमारत उभीच नाही.

अँडी मॅक्लस्की आणि पॉल हंफ्रीज ही दोन पोरं लिव्हरपूलच्या पलीकडच्या ‘विरल’ (Wirral) नावाच्या भागातली. मॅक्लस्की सोळा वर्षांचा असताना, सप्टेंबर 1975 मध्ये, त्याने लिव्हरपूलच्या एम्पायर थिएटरमध्ये क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडला ऐकलं आणि पुढचं सगळं तिथून निघालं. पण क्राफ्टवेर्ककडे स्वतःचा स्टुडिओ होता, स्वतः बनवून घेतलेली यंत्रं होती. या दोघांकडे पैसे नव्हते. पहिला नावाजण्याजोगा सिंथ, कॉर्गचा मायक्रो-प्रिसेट, मॅक्लस्कीच्या आईच्या मेल-ऑर्डर कॅटलॉगमधून हप्त्यावर घेतलेला. ऑक्टोबर 1978 मध्ये लिव्हरपूलच्या ‘एरिक्स’ क्लबमध्ये पहिला कार्यक्रम झाला तेव्हा स्टेजवर दोनच माणसं होती आणि तिसरा ‘विन्स्टन’, म्हणजे साथीचा माल भरलेलं टेप मशीन.

हा मायक्रो-प्रिसेट नीट समजून घ्या, कारण सगळं गुपित त्यात आहे. तो मोनोफोनिक. एका वेळी एकच सूर वाजतो. कॉर्ड दाबलात तरी बासरीसारखा एकच स्वर येणार. आवाजही बहुतेक कारखान्यातून ठरवून आलेले, बटण दाबा आणि घ्या. त्यावर आवाज कोरत बसायची सोयच फारशी नाही. मग अशा वाद्यावर दोन पोरांनी करायचं काय? सुरावट बांधायची. दुसरा मार्गच नव्हता. आज माझ्याकडे शिकायला येणारी मुलं लॅपटॉप उघडतात आणि तासभर नुसते पॅच, म्हणजे तयार आवाज, चाळत बसतात, तेव्हा मला या वाद्याची आठवण येते. पण ते जाऊ दे.

दुसरं म्हणजे गाण्याची बांधणी. ‘इलेक्ट्रिसिटी’ (1979), ‘मेसेजेस’ (1980), ‘एनोला गे’ (1980) ही तीन गाणी लागोपाठ ऐका आणि मुखडा कुठे येतो ते शोधा. शब्दांचा मुखडा सापडणार नाही. गायक अंतरा गातो, गप्प बसतो, आणि ज्या जागी इंग्लिश पॉपमध्ये सगळ्यांनी मिळून ओरडायची ओळ यायला हवी तिथे सिंथची सुरावट येते. लोक मैफलीत तीच ‘गातात’, शब्दांशिवाय. आपल्याला याचं नवल वाटू नये. हिंदी-मराठी सिनेगीतांत मुखडा आणि अंतरा यांच्यामधला म्युझिक पीस आपण गाण्याइतक्याच हक्काने गुणगुणतो, तोंडाने व्हायोलिन वाजवतो. पण 1980 च्या इंग्लंडमध्ये, जिथे गाणं विकलं जायचं ते शब्दांच्या मुखड्यावर, तिथे ही जागा वाद्याला देणं म्हणजे धंद्याच्या दृष्टीने आत्मघात. ‘एनोला गे’ तरीही ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि युरोपभर त्याहून मोठं झालं.

याच गाण्यावर थोडं थांबतो, कारण तुमच्या पहिल्या मित्राला पटवायचं तर याच्यावरूनच पटेल. पहिल्यापासून शेवटपर्यंत चारच कॉर्ड आहेत, एक-सहा-चार-पाच या क्रमाने. पन्नासच्या दशकातली प्रेमगीतं ज्या चक्रावर फिरायची, तेच चक्र. बदल कुठेच नाही. ना ब्रिज, ना शेवटच्या फेरीत एक सूर वर चढणं. खाली साधं ड्रम मशीन आणि मॅक्लस्कीचा बेस. आणि विषय? 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबाँब टाकणारं विमान. वैमानिकाने त्या विमानाला स्वतःच्या आईचं नाव दिलं होतं. लग्नाच्या वरातीतही वाजेल अशी ती सुरावट आणि त्याखाली हे सगळं. कित्येकांना हा विजोड वाटला. मला वाटतं, गाणं टिकलं ते या विजोडामुळेच. तीच सुरावट उदास कॉर्डवर ठेवली असती तर एक सात्त्विक शोकगीत झालं असतं आणि दोन वर्षांत विसरलं गेलं असतं. इथे ऐकणारा आधी नाचतो आणि मग कधीतरी, कदाचित वर्षांनी, आपण कशावर नाचत होतो ते त्याला कळतं.

टिकाऊपणा तपासायची माझी एक जुनी रीत आहे. गाण्यातले सगळे आवाज काढून टाका आणि उरेल ती सुरावट पेटीवर वाजवा. उभी राहिली तर गाणं पक्कं. ‘एनोला गे’ उभं राहतं, अगदी भाता गळक्या पेटीवरसुद्धा. ‘इलेक्ट्रिसिटी’ राहतं. ‘जोन ऑफ आर्क’ तर पेटीवर प्रार्थनेसारखं लागतं. ऐंशीतली अर्धी सिंथ-पॉप गाणी या परीक्षेत झोपतात. मग त्यांत फक्त ड्रम मशीनचा एक सुंदर टोला आणि केसांची स्टाइल उरते.

पण आता ‘सुव्हेनिर’ (1981) घ्या. ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेलं, हंफ्रीजच्या कोवळ्या आवाजातलं. पेटीवर वाजवा. ठीक आहे, गोड आहे, पण जीव गेला. म्हणजे माझी परीक्षा अपुरी आहे. या गाण्याचा जीव पाठीमागे तरंगणाऱ्या त्या आवाजांत आहे, आणि तो सिंथ नाही. एका गायकवृंदाचे टेपवर घेतलेले सूर, त्यांचा वेग उतरवून केलेल्या लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे टेपचे तुकडे. टेप हळू केली की सूर खाली येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याबरोबर आणखी एक घडतं. प्रत्येक गळ्याचा कंप मंदावतो, आणि दहा गळ्यांचे दहा कंप एकमेकांत न जुळता फिरत राहतात. म्हणून तो आवाज स्थिर असूनही कधीच पूर्ण थांबत नाही. आज बाजारात याचे तयार सॅम्पल मिळतात, मीही वापरतो. ते स्वच्छ असतात आणि म्हणूनच कमी पडतात.

‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ (1981) ही सगळी रेकॉर्डच या श्वासावर उभी आहे. तिच्यासाठी त्यांनी एक मेलोट्रॉन घेतला. हे साठच्या दशकातलं ब्रिटिश वाद्य. प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा कॉयरचा एक सूर. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते आणि साधारण आठ सेकंदांत संपते. पट्टी तशीच दाबून ठेवलीत तर आवाज गप्प. म्हणजे वाजवणाऱ्याला आठ सेकंदांच्या आत हात हलवावाच लागतो, वाक्य तोडावंच लागतं. त्यात मोटरचा वेग जरा डुगडुगतो, म्हणून सूर किंचित हलतो. हे वाद्य 1981 मध्ये जुनाट समजलं जायचं. सत्तरच्या प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांचं, पंकने ज्यांची टिंगल केली त्यांचं. ‘भविष्याचा आवाज’ म्हणून ज्या बँडची ख्याती, तिने आपली सर्वोत्तम रेकॉर्ड एका अडगळीतल्या टेप-पेटीवर केली, हे तुमच्या पहिल्या मित्राला जरूर सांगा.

त्यातलंच ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’, म्हणजे पुन्हा जोन ऑफ आर्कच. सुरुवातीला कर्कश गोंगाट. रेडिओवाल्याचा हात बटणाकडे जावा असाच. मग तीन मात्रांच्या चालीत मॅल्कम होम्सचे ड्रम, खरे, हाताने वाजवलेले, लष्करी थाटाचे. त्यावर मेलोट्रॉनची ती सुरावट, जी ऐकताना बॅगपाइपचा भास होतो. गायनाच्या ओळी मोजक्याच. 1982 मध्ये हे गाणं जर्मनीत वर्षातलं सर्वाधिक खपाचं सिंगल ठरलं. वॉल्ट्झच्या चालीत, गोंगाटाने सुरू होणारं, मध्ययुगीन संतिणीवरचं गाणं! आजच्या कुठल्याही कंपनीच्या माणसाला हे ऐकवून ‘सिंगल काढू या’ म्हणून बघा.

आता दोष. मॅक्लस्की शब्दांचा कवी नाही. त्याला विषय सापडतात ते विश्वकोशातल्या नोंदींसारखे. वीज, टेलिफोन बूथ, तेलशुद्धीकरण कारखाना, अणुबाँब, जोन ऑफ आर्क आणि पुन्हा जोन ऑफ आर्क. विषय निवडण्यात हिंमत आहे, लिहिण्यात पुष्कळदा कोरडेपणा. ‘स्टॅनलो’ हे गाणं चेशरमधल्या ज्या रिफायनरीवर आहे, तिथे त्याचे वडील आणि बहीण कामाला होते, आणि गाण्याची सुरुवात तिथल्याच यंत्राच्या आवाजाने होते. तो आवाज जे सांगतो त्याच्या अर्धंही शब्द सांगत नाहीत. डेपेश मोड या त्याच काळातल्या ब्रिटिश सिंथ-पॉप बँडचा गीतकार मार्टिन गोर शब्दांत याच्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. तुमच्या मंडळींत कुणी ओएमडीला डेपेश मोडच्या वर बसवत असेल, तर मी त्या बाजूने उभा राहणार नाही. डेपेश मोडने दहा वर्षांत ‘स्पीक अँड स्पेल’पासून ‘व्हायोलेटर’पर्यंत जी मजल मारली, ती या लोकांना जमली नाही. पण एवढंही खरं की डेपेश मोडची सुरुवात करून देणाऱ्या व्हिन्स क्लार्कनेच ओएमडीचं पहिलं सिंगल ऐकून आपण या वाटेला लागलो असं सांगितलेलं आहे.

तर ‘डॅझल शिप्स’. मार्च 1983. हिशेब बँडनेच वारंवार सांगितलाय. आधीची रेकॉर्ड तीस लाखांच्या घरात खपली, ही तीन लाख. नाव एडवर्ड वॉड्सवर्थच्या 1919 च्या चित्रावरून. पहिल्या महायुद्धात जहाजांवर आडवेतिडवे पट्टे रंगवायचे, म्हणजे जर्मन पाणबुडीला जहाज दिसेल पण त्याची दिशा आणि वेग कळणार नाही. हा उद्योग लिव्हरपूलच्या गोदीत स्वतः वॉड्सवर्थच्या देखरेखीखाली चालला होता. डिझायनर पीटर सॅव्हिलने केलेलं कव्हरही तसंच चकवणारं. आत शॉर्टवेव्ह रेडिओचे तुकडे, चेकोस्लोव्हाकियाच्या रेडिओचा संकेत, निरनिराळ्या देशांच्या टेलिफोनवर वेळ सांगणारे आवाज एकावर एक, आणि बोलणाऱ्या खेळण्याची बडबड. शीतयुद्धाच्या काळातला युरोप घरच्या रेडिओवर कसा ऐकू यायचा, त्याचं हे ध्वनिचित्र. कल्पना अस्सल आहे, यात वाद नाही.

पण तुमचा तिसरा मित्र ज्या भक्तीने बोलतो ती मला मान्य नाही. रेकॉर्ड पस्तीस मिनिटांचीसुद्धा नाही. त्यातली गाणी मोजा. ‘द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप’ आधीच्या एका सिंगलची मागची बाजू होती. ‘ऑफ ऑल द थिंग्ज वुई हॅव मेड’ दुसऱ्या सिंगलची. ‘रेडिओ वेव्ह्ज’ ओएमडीच्याही आधीच्या त्यांच्या बँडमधलं. म्हणजे तीस लाखांच्या यशानंतर या दोघांकडे नवी गाणी फारशी उरली नव्हती. जे धाडस म्हणून आज मिरवलं जातं, त्यात रिकाम्या झोळीचाही वाटा आहे. स्टुडिओत बसणाऱ्याला हे लगेच ऐकू येतं. जिथे सुरावट सुचली नाही तिथे रेडिओ लावून दिलाय.

आणि तरीही. ‘जेनेटिक इंजिनिअरिंग’मध्ये खेळण्याचा यांत्रिक आवाज आणि उघड्या गळ्याचं गाणं ज्या तऱ्हेने एकमेकांवर आदळतात, ते 1983 मध्ये मुख्य धारेतलं फारसं कुणी करत नव्हतं. ‘द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप’ मागची बाजू असली तरी मेलोट्रॉनवरचं त्यांचं कदाचित सर्वांत भरीव काम आहे. अर्धी रेकॉर्ड थोर, अर्धी टिपणवही. चाहते पूर्ण थोर म्हणतात, 1983 चे समीक्षक पूर्ण वाया म्हणत होते.

उशिरा मिळालेल्या मानाचं हे नेहमीचंच आहे. आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. चरणजित सिंग यांची 1982 ची रागांवर डिस्को ठेका धरणारी सिंथ रेकॉर्ड त्या वेळी कुणी विचारली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशात तिच्याकडे ‘अॅसिड हाउस’ या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा पहिला आविष्कार म्हणून पाहिलं जाऊ लागलं. रेकॉर्ड खरोखर विलक्षण आहे. पण चरणजितजी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात घडलेले वादक होते आणि राग नव्या वाद्यांवर बसवत होते. त्यांना अॅसिड हाउस शोधायचं नव्हतं. दुर्लक्षाची भरपाई करताना लोक जरा जास्तच देऊन टाकतात. ‘डॅझल शिप्स’चं तेच झालंय.

त्या अपयशाने दोघं घाबरले आणि पुढे विकली जाणारी गाणी करू लागले, ही चाहत्यांची आवडती तक्रार. ती बरीचशी खरी आहे. ‘जंक कल्चर’ (1984) मध्ये महागडा फेअरलाइट सॅम्पलर, म्हणजे कुठलाही आवाज टिपून पट्ट्यांवर वाजवणारं यंत्र, आला, मजाही आली, ‘लोकोमोशन’ पाचव्या क्रमांकावर गेलं. पण हाताशी सगळे आवाज आल्यावर सुरावटीवरची ती सक्ती सुटली. ‘क्रश’ (1985) नीटनेटकं आहे, निर्माता स्टीव्हन हेगने चकाकी छान दिली आहे, आणि मला त्यातलं ‘सो इन लव्ह’ सोडून फारसं काही आठवत नाही.

आणि तुमचं ‘इफ यू लीव्ह’. लाजू नका. ‘प्रिटी इन पिंक’ सिनेमासाठी त्यांनी आधी दुसरंच गाणं केलं होतं. चाचणी प्रेक्षकांना शेवट पटला नाही, तो बदलला, आणि जुनं गाणं निरुपयोगी झालं. मग एका दिवसाच्या आत हे नवं गाणं लिहिलं गेलं. 1986 मध्ये अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचलं, आणि खुद्द इंग्लंडमध्ये पहिल्या चाळीसातही नाही. म्हणून इंग्लिश चाहते नाक मुरडतात आणि अमेरिकन चाहत्यांसाठी ओएमडी म्हणजे हेच. पेटीच्या परीक्षेत गाणं व्यवस्थित पास होतं. सॅक्सोफोन मात्र मला आजही सोसत नाही.

सुरावटीचा मुद्दा ज्यांना अजून पटत नाही त्यांच्यासाठी एक पुरावा देतो. नव्वदच्या अखेरीस आपली फॅशन संपली असं वाटून मॅक्लस्कीने अॅटोमिक किटन हा मुलींचा पॉप गट उभा केला. त्यांचं ‘होल अगेन’ 2001 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्याच्या गीतकारांत मॅक्लस्की आहे. ना सिंथ-पॉपची पुण्याई, ना सॅव्हिलचं कव्हर. तरी धून लागली.

2006 मध्ये मॅक्लस्की, हंफ्रीज, होम्स आणि मार्टिन कूपर ही बँडची जुनी चौकडी परत एकत्र आली. पुनर्मीलनांबद्दल माझं मत एरवी वाईट आहे, कारण बहुतेक बँड जुन्या तिकिटांचे पैसे पुन्हा वसूल करायला येतात. इथे ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’ (2013) खरंच ऐकण्यासारखी आहे. त्यातलं ‘किसिंग द मशीन’ क्राफ्टवेर्कच्या कार्ल बार्टोसबरोबर नव्वदच्या सुरुवातीला केलेलं गाणं, नव्याने बांधलेलं. 2023 ची ‘बाउहाउस स्टेअरकेस’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आली. क्रमांकाने पहिल्या मित्राचं मत बदलणार नाही, त्यामुळे तो सांगू नका. त्याला चांगल्या हेडफोनवर, फोनच्या स्पीकरवर नव्हे, आधी ‘सुव्हेनिर’ ऐकवा, मग ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’ गोंगाटासकट, आणि शेवटी ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’मधलं ‘मेट्रोलँड’, पूर्ण लांबीचं. ‘डॅझल शिप्स’ सगळ्यात शेवटी, आणि तीही त्याने स्वतः मागितली तरच.